मैदान एक, खेळ दोन : १८८१ चा एक अर्ज आणि आजचे पिकलबॉल

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यालगत एक विस्तीर्ण मैदान आहे. सारे शहर त्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणते. तेथे गोल्फ मात्र कोणी खेळत नाही. मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडणारे आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले ते हे अनंत कान्हेरे. गोऱ्या साहेबांच्या आवडत्या खेळाचे नाव आणि गोऱ्या कलेक्टरला ठार करणाऱ्या तरुणाचे नाव, अशी दोन नावे एकाच भूमीवर नांदत आहेत. प्रत्यक्षात तेथे क्रिकेट चालते. रणजी करंडकाचे सामनेही झाले आहेत. रिक्षात बसल्यावर मात्र आपण आजही ‘गोल्फ क्लब’ असेच सांगतो.

एका खेळाच्या जमिनीवर दुसरा खेळ येतो तेव्हा नेमके काय घडते, हा आजच्या थ्रेडचा विषय. निमित्त आहे पिकलबॉलचे. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यापासून नाशिकपर्यंत गृहसंकुलांत, क्लबांत, भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर हा खेळ झपाट्याने पसरला, आणि त्याबरोबर जगभर जो प्रश्न उभा राहिला तो आपल्याकडेही आला : असलेले टेनिस कोर्ट मोडून तेथे पिकलबॉलची कोर्टे आखावीत का?

वाद समजण्यासाठी थोडे गणित हाताशी हवे. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद. भोवतीची मोकळी जागा धरली तर साधारण १२० फूट बाय ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट लागतात. पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट बाय २० फूट. मोकळ्या जागेसह ६० बाय ३० फुटांत भागते, म्हणजे १,८०० चौरस फूट. एका टेनिस कोर्टाच्या जागेत चार पिकलबॉल कोर्टे बसतात. टेनिसमध्ये तेथे एका वेळी फार तर चार जण खेळतात, पिकलबॉलमध्ये सोळा. जागेचे भाडे तासावर मोजणाऱ्या मालकाला आणि वर्गणी मोजणाऱ्या खजिनदाराला याहून अधिक काही समजावून सांगावे लागत नाही. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये नोव्हाक जोकोविचने जाहीरपणे धोक्याची सूचना दिली ती याच हिशेबाची होती. टेनिसने वेळीच हालचाल केली नाही, तर क्लब आपली कोर्टे पॅडल आणि पिकलबॉलला देऊन टाकतील, कारण त्यात पैसा अधिक आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

टेनिसवाल्यांची बाजूही पोकळ नाही. टेनिस एका हंगामात येत नाही. त्याला वर्षे द्यावी लागतात, आणि ज्या मुलाने ती दिली त्याला चार लहान चौकटी देऊन एक मोठी चौकट परत मिळत नाही. शिवाय कडक बॅटवर प्लॅस्टिकचा सच्छिद्र चेंडू आदळतो तेव्हा होणारा टकटक आवाज शेजारच्या खिडक्यांना नकोसा होतो. अमेरिकेत या आवाजावरून प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. दुसऱ्या बाजूला साठीच्या पुढची माणसे, कधीही रॅकेट न धरलेल्या गृहिणी, शाळकरी मुले पिकलबॉलमुळे प्रथमच मैदानात उतरली, हेही तितकेच खरे.

आता वंशावळ पाहू, कारण या भांडणात ‘मूळचा’ आणि ‘उपरा’ हे शब्द फार सैल वापरले जातात.

पिकलबॉलचा जन्म १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील सिएटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर झाला. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघांना त्याचे श्रेय दिले जाते. घरच्या अंगणात एक जुने बॅडमिंटन कोर्ट होते. टेबल टेनिसच्या बॅटी आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला आणि जाळे खाली आणले गेले. (नावात लोणचे कोठून आले यावर त्या कुटुंबांतच दोन कथा आहेत. आपण त्यात पडू नये.) ४४ बाय २० फूट हे माप बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाचे. आणि बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत बसवले गेले. इंग्रज अधिकारी या खेळालाच ‘पूना’ म्हणत. म्हणजे सिएटलहून आलेला हा पाहुणा ज्या चौकटीत उभा राहतो, तिच्या पूर्वजांपैकी एक पुणेकर आहे. भारतात हा खेळ आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना दिले जाते. त्यांनी तो कॅनडात पाहिला आणि २००८ मध्ये येथे अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

टेनिसची गोष्ट याहून बोलकी आहे. लॉन टेनिस हा प्राचीन खेळ नव्हे. मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी त्याचे एकस्व १८७४ मध्ये घेतले. त्या वेळी इंग्लंडच्या हिरवळींवर राज्य होते क्रोकेचे. लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून ढकलण्याचा तो संथ, सभ्य खेळ. विम्बल्डनचा क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला तो ‘ऑल इंग्लंड क्रोके क्लब’ म्हणून. १८७५ मध्ये त्याने आपल्या हिरवळीचा एक तुकडा नव्या खेळाला दिला. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, क्लबच्या नावात टेनिस शिरले आणि पहिली स्पर्धा भरली. १८८२ मध्ये नावातून क्रोके गळाले. जागा, वर्गणी आणि तरुण सभासदांचा ओढा ही आज टेनिसविरुद्ध उभी असलेली तिन्ही कारणे तेव्हा टेनिसच्या बाजूने लढत होती. टेनिसप्रेमींना हे वाचून खट्टू व्हायचे कारण नाही. पण ‘परंपरा’ हा शब्द उच्चारताना आपल्या परंपरेखाली कोणाची हिरवळ आहे, हे ठाऊक असलेले बरे.

विम्बल्डनमध्ये बदल झाला तो एका क्लबच्या आत, सभासदांच्या संमतीने. जमीन सार्वजनिक असेल आणि दोन पक्षांचे बळ विषम असेल तर काय होते? त्यासाठी आपल्याला नाशिकहून रेल्वेने मुंबईला उतरायचे आहे, आणि दीडशे वर्षे मागे जायचे आहे.

मुंबईचा किल्ला उभा होता तेव्हा त्याच्या पश्चिमेला मोठी मोकळी जागा राखलेली असे, तोफांच्या माऱ्यात आडोसा येऊ नये म्हणून. तिला एस्प्लनेड म्हणत. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच भूमीची शकले होत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याच्या भिंती पडल्या. तोफांचा प्रश्न मिटला, मैदान उरले. या मैदानावर पारशी मुले क्रिकेट शिकली. साहेबांचे पाहून पाहून, जुनी बॅट मिळाली तर ती घेऊन, नाही तर मिळेल त्या फळीने. पारशांचा पहिला क्लब, ओरिएंटल क्रिकेट क्लब, १८४८ चा. मागून हिंदू आणि मुसलमान तरुण आले. १८७५ मध्ये त्याच परिसरात बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. हा क्लब केवळ युरोपियनांसाठी होता आणि त्याच्या ताब्यात स्वतःचे राखीव मैदान होते. देशी मुलांच्या वाट्याला उरलेला उघडा भाग आला.

आणि त्या उघड्या भागावर साहेब घोडे घेऊन आले.

पोलो हा खेळ इंग्रजांनी मणिपूरच्या बाजूने उचलला आणि लष्करी अधिकाऱ्यांत तो फार प्रिय झाला. वेगाने धावणारी, जागच्या जागी वळणारी तट्टे, त्यांच्या लोखंडी नालांच्या टापा. ज्यांनी मुरमाच्या पट्टीवर क्रिकेट खेळले आहे त्यांना सांगायला नको की उखडलेल्या जमिनीवर चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा नसतो. संध्याकाळी पोलो होई. दुसऱ्या दिवशी मुले येत तेव्हा हिरवळीच्या जागी खळगे असत. जिमखान्याच्या स्वतःच्या क्रिकेट मैदानावर घोडे जात नसत, कारण तेथील हिरवळ खराब होईल हे सभासदांना पुरेपूर ठाऊक होते. माझ्या मते साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोचरी गोष्ट हीच. नुकसान होते हे त्यांना माहीत नव्हते असे नव्हे. कोणाच्या जमिनीचे करायचे एवढेच त्यांनी ठरवले होते.

१८८१ मध्ये मुंबईच्या देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला. त्यावर साडेचारशेहून अधिक सह्या होत्या आणि त्या पारशी, हिंदू, मुसलमान अशा तिन्ही समाजांच्या होत्या. गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय पुण्यात आहे तेच. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक मुंबईतच भरायला अजून चार वर्षे अवकाश होता. अशा काळात दुकानांत, कचेऱ्यांत, शाळा-कॉलेजांत वावरणारी तरुण माणसे एकत्र आली ती कराविरुद्ध किंवा नोकऱ्यांसाठी नव्हे, खेळपट्टीसाठी. या अर्जाची आठवण फारशी काढली जात नाही, हे मला नेहमी खटकते.

अर्जातील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. आम्ही संख्येने पुष्कळ आहोत आणि पोलोवाले मूठभर, हा मुद्दा त्यात होताच. पण खरा जोर दुसरीकडे होता : पोलोमुळे हिरवळीची नासाडी होते आणि मग तेथे क्रिकेट खेळणे धोक्याचे होते. हा भार एकाच बाजूवर पडतो, हे त्यातून आपोआप उघड होते, कारण क्रिकेटमुळे पोलोचे काहीच अडत नाही. उलट पोलो कूपरेजवर हलवता येण्याजोगा होता. क्रिकेटपटूंना दुसरी जागा नव्हती.

सरकारने प्रथम ऐकले. १८८२ मध्ये पोलो कूपरेजकडे हलवण्याचा निर्णय झाला. जिमखान्याने कूपरेजची जागा गैरसोयीची असल्याची तक्रार केली आणि वर्षभरातच, १८८३ मध्ये, घोडे परत आले. देशी खेळाडूंनी पुन्हा अर्ज केला, अधिक सह्या गोळा केल्या, वृत्तपत्रांतून बाजू मांडली. उपयोग झाला नाही. ज्यांना गव्हर्नरांच्या पंक्तीला जेवता येत होते त्यांच्या सोयीचे वजन हजार सह्यांहून भारी ठरले.

आता या कहाणीचा तो भाग, जो सहसा ‘आणि मग सर्व ठीक झाले’ या सुरात सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही.

१८८५ मध्ये पारशी जिमखाना स्थापन झाला. सर जमशेटजी जीजीभाई अध्यक्ष आणि जमशेटजी टाटा कार्याध्यक्ष, म्हणजे मागे पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही. १८८७ मध्ये त्याला केनेडी सी फेसवर, समुद्र हटवून मिळवलेल्या किनारपट्टीवर जागा मिळाली. आजच्या मरीन ड्राइव्हलगतची ती जागा. पारशांना मिळाली तर आम्हाला का नाही, असे इतरांनी विचारणे ओघाने आलेच. १८९० ते १८९५ या काळात गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस स्वतः इंग्लंडचे नामांकित क्रिकेटपटू होते. त्यांच्या कारकिर्दीत मुसलमानांना आणि हिंदूंना शेजारी शेजारी भूखंड मिळाले. हिंदू जिमखान्याची कोनशिला १८९४ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. हॅरिस यांचे धोरण स्वच्छ होते : प्रत्येक समाजाला एक जिमखाना, त्याहून अधिक नाही. नंतर कोणी मागायला आला तर त्याने आपापल्या समाजाच्या जिमखान्याचे सभासद व्हावे.

प्रशासकाच्या नजरेतून ही तोड नामी होती. भांडण संपले, मधले मैदान साहेबांच्या हाताशी राहिले आणि तक्रारदार किनाऱ्यावर गेले, आपापल्या कुंपणात. पण १८८१ च्या अर्जावर ज्या सह्या एकाखाली एक होत्या, त्या आता वेगवेगळ्या कुंपणांत उभ्या होत्या. पुढची वाट याच कुंपणांतून गेली. युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यात १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये उरलेल्यांचा ‘रेस्ट’ संघ आला आणि पंचरंगी. लोक धर्माच्या नावाने संघ ओळखू लागले. १९४० मध्ये गांधीजींनी या जातीय क्रिकेटविरुद्ध उघड मत दिले, आणि स्पर्धा अखेर बंद पडली ती १९४६ मध्ये. एकट्या मैदानाच्या वाटणीने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वाटणीने त्याला जागा दिली, अक्षरशः.

आणि कुंपणाच्या आत तरी सारे समान होते काय? पाळवणकर बाळू हे नाव तुम्ही ऐकले असेल. डावखुरे फिरकी गोलंदाज, जन्माने चांभार. पुण्यात त्यांनी क्रिकेटच्या मैदानावर आरंभ केला तो खेळाडू म्हणून नव्हे. खेळपट्टी झाडण्या-लाटण्याच्या कामावर, महिना तीन-चार रुपयांच्या पगारावर. हिंदूंच्या संघात घेतल्यावर मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. मैदानाच्या वादात ज्यांच्या सह्या असतात त्यांच्याखेरीज अशीही माणसे असतात जी ते मैदान रोज हातांनी घडवतात. १८८१ च्या अर्जाला खेळाडूंच्या सह्या आहेत; रोलर ओढणाऱ्यांची बाजू कोणी विचारल्याचे मला कोठे वाचायला मिळाले नाही. आजही क्ले कोर्टावर पाणी मारणारा, लाटणारा, चुन्याच्या रेषा आखणारा माळी आणि सभासदांशी सराव खेळणारा मार्कर यांच्या पोटापाण्याचा प्रश्न सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. सिंथेटिक पृष्ठभाग टाकला की यांतली बहुतेक कामे उरत नाहीत.

पिकलबॉलच्या वादात हा इतिहास कोणाच्या बाजूने बोलतो? संख्येपुरते पाहिले तर पिकलबॉलच्या. तेव्हा क्रिकेटवाले म्हणत होते की थोड्यांच्या चैनीसाठी पुष्कळांची जागा अडू नये. आज सोळा विरुद्ध चार असा हिशेब मांडणारे तेच म्हणतात. पण अर्जातला दुसरा युक्तिवाद टेनिसच्या बाजूला झुकतो. एका खेळाने दुसऱ्याची भूमी कायमची निकामी होते की नाही, हा प्रश्न संख्येने सुटत नाही. टेनिसच्या जाळ्याची मधली उंची ३६ इंच, पिकलबॉलची ३४. अवघे दोन इंच. टेनिसच्याच कोर्टावर दुसऱ्या रंगाच्या रेषा मारून, हलवता येणारी जाळी लावून, वेळा वाटून दोन्ही खेळ चालू शकतात; अनेक ठिकाणी तसे चालतात. रेषांच्या गर्दीने दोन्हीकडचे खेळाडू कुरकुरतात, ते सोसण्यासारखे आहे. जमिनीत खांब रोवून, मध्ये कुंपण घालून चार कायमच्या चौकटी केल्या की परतीची वाट बंद होते. पहिली तडजोड आहे. दुसरी टापांची गोष्ट आहे. यांत फरक न करता केवळ हात वर करून मतदान घेणाऱ्या सभा मला तरी घाईच्या वाटतात.

टेनिसवाल्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. तुमचे कोर्ट दिवसातून किती तास रिकामे असते? १८८१ च्या मुलांपाशी या प्रश्नाचे भक्कम उत्तर होते, कारण त्यांचे मैदान रिकामे राहतच नव्हते.

ही सारी लढाई आपल्याला आज माहीत आहे ती मुख्यतः शापूरजी सोराबजी नावाच्या एका पारशी क्रिकेटप्रेमीमुळे. त्यांनी १८९७ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापले. तोवर पारशांचे संघ १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडला जाऊन आले होते. १८९० च्या जानेवारीत जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला त्यांनी बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर हरवले होते. अभिमानाने सांगण्यासारखे इतके असताना शापूरजींनी पुस्तकाच्या नावातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ हा झगडा घातला आणि हरलेल्या अर्जांची हकिकत सविस्तर नोंदवून ठेवली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या वसाहतीत किंवा क्लबात असा वाद झाला असेल, तर सभेची सूचना, इतिवृत्त, दोन्ही बाजूंची पत्रे आणि कोर्टाचे आधीचे-नंतरचे छायाचित्र तारीख घालून जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरचा गट एक दिवस मोबाइलबरोबर जाईल. कोर्ट झाडणाऱ्या, लाटणाऱ्या माणसाशीही बोला, आणि त्याने काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.